रमाबाईंचा क्रूस आणि विवेकबुद्धीची साक्ष

मागील वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही खालापूर तालुक्यातील कुंभिवली येथे गेलो होतो. कारखान्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने आपली काही कुटुंबे त्या बाजूस येऊन राहिली आहेत. सायंकाळी एका घरी जपमाळ झाली, शास्त्रवाचन झाले, आणि चहा घेता घेता घरातील थोरला मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. एका कारखान्यात तो सांडपाण्याच्या विभागात कामाला होता. दर पाळीत पाण्याचा नमुना घ्यावा, तो तपासावा, आकडे नोंदवहीत लिहून खाली सही करावी, असे त्याचे काम. काही दिवसांपासून वरिष्ठ त्याला सांगत होते की नमुना घेत बसू नकोस, कालचेच आकडे थोडेफार फिरवून लिही. त्याने आम्हांस विचारले, "फादर, सही माझी, पण सांगणारे साहेब. पाप कुणाचे?"

त्याची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तुम्हीच समजवा त्याला, फादर. मोठ्यांचे ऐकावे असे आम्ही लहानपणापासून शिकवले. आता म्हणतो, माझे मन घेत नाही."

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते आमच्या सेमिनरीतील टिपणवहीतले होते. ते चुकीचे नव्हते, पण कोरडे होते, आणि मुलाच्या चेहऱ्यावरून ते आम्हांस कळलेही. रात्री कर्जत स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता समोर बोरघाटाची काळी रेघ दिसत होती. १८९० च्या नोव्हेंबरात एक विधवा विदुषी आपल्या शाळेचा सारा संसार घेऊन मुंबईहून पुण्यास गेली, ती याच मार्गाने. त्या काळी घाटात गाडी थांबवून इंजिनाची दिशा बदलावी लागे. पंडिता रमाबाईंचे नाव त्या रात्री आम्हांस आठवले त्याला हा लोहमार्ग केवळ निमित्त झाला. खरे कारण, 'माझे मन घेत नाही' हेच वाक्य त्यांनी आपल्या धर्ममातेला, बिशपांना आणि पुढे पुण्यातील थोर सुधारकांना निरनिराळ्या शब्दांत ऐकवले होते, आणि त्याची किंमतही मोजली होती.

कुणी म्हणेल, रमाबाई कॅथलिक नव्हत्या. अँग्लिकन पंथात त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. हे खरे आहे. त्यांची काही मते आपल्या श्रद्धेशी जुळत नाहीत, हेही आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु ख्रिस्ती माणसाच्या विवेकबुद्धीची परीक्षा मराठी भूमीत इतक्या उघडपणे आणि इतक्या लेखी पुराव्यानिशी दुसऱ्या कुणाची झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

आधी शब्दाविषयी थोडेसे. 'सदसद्विवेकबुद्धी' या आपल्या भारदस्त शब्दात सत् आणि असत् यांची निवड करणारी बुद्धी अभिप्रेत आहे. संत पौलाने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ किंचित निराळा आहे: सोबत जाणणे. माणूस एखादी गोष्ट करतो तेव्हा त्याच्या आत आणखी कुणीतरी ती जाणत असतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणात नियम लिहिलेला असतो आणि त्यांची विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. पापांगीकारापूर्वी आपण जी विवेकबुद्धीची तपासणी करतो ती बहुधा चुकांची यादी होऊन बसते. यादी करणे सोपे असते. जे काम आपल्याला करावयास सांगितले आहे आणि जे अजून केलेले नाही, त्याविषयी आतील साक्षीदार काय म्हणतो हे ऐकणे अवघड.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन पंडित. स्त्रीला संस्कृत शिकवू नये या रूढीला न जुमानता त्यांनी आपल्या पत्नीला शिकविले, आणि पत्नीने लेकीला. एका अर्थाने विवेकबुद्धीचा हा वारसा घरातूनच आला होता. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब भारतभर हिंडले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. मुलगी मनोरमा जन्मली आणि ती वर्षाची होण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती कॉलऱ्याने गेले.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री-वैद्यांच्या गरजेविषयी साक्ष दिली. पुण्यातच त्यांची फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी गाठ पडली. हे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशीचे पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी बायबल हाती घेतले आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. संशयाशी झगडणे म्हणजे काय हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये इंग्लंडातील वाँटेज येथील धर्मभगिनी काम करीत. त्यांच्या ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत पुढे सोडावा लागला.

वाँटेजला जे घडले त्याचा आरंभ फार दुःखद आहे. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मराठी स्त्री गेली होती. परक्या देशात आपल्याला बळेच ख्रिस्ती करतील या भीतीने तिच्या मनाचा तोल गेला, असे त्या काळच्या लेखनात नोंदलेले आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये तिने आपले जीवन संपविले. वाँटेजच्या भगिनींनी तिच्यावर बळजोरी केली असे कुणी म्हटलेले नाही. पण आश्रय देणारा आणि आश्रित यांच्यात जी विषमता असते ती न बोलताही दुर्बळाच्या मनावर दाब टाकू शकते, हे आम्हां धर्मसेवकांना या एका मृत्यूने कायमचे शिकविले पाहिजे. त्याच महिन्याच्या २९ तारखेस रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने स्नानसंस्कार घेतला.

येथे गोष्ट संपली असती तर ती एका धर्मांतराची कथा झाली असती, आणि तशा कथा मिशनच्या वार्षिक अहवालांत पुष्कळ सापडतात. रमाबाईंच्या बाबतीत खरा प्रश्न स्नानसंस्कारानंतर उभा राहिला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना मायेने 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंशी, आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी, पुढील काही वर्षे रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. ती पत्रे वाचताना आम्हांस पुष्कळदा सिस्टरांची दया आली, पुष्कळदा रमाबाईंचे कौतुक वाटले आणि एकदोनदा दोघींचाही राग आला.

वादाचे विषय वरवर पाहता लहानमोठे आहेत. अंडे घातलेला गोड पदार्थ रमाबाई खात नसत. सिस्टरांना त्यात जातीचा अवशेष दिसे. ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने हा सोवळेपणा का पाळावा? रमाबाईंचे म्हणणे, ख्रिस्त स्वीकारला म्हणून मला माझ्या लोकांच्या साऱ्या चालीरीती टाकल्याच पाहिजेत असे कुठे आहे? पौलाने करिंथकरांना मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहिलेला आठवा अध्याय येथे सिस्टरांना आठवायला हवा होता. भावाच्या दुर्बळ विवेकबुद्धीला ठेच लागत असेल तर मांस कधीच खाणार नाही, असे म्हणणारा प्रेषित भाजीभाकरी खाणाऱ्या पंडितेवर रागावला नसता.

दुसरा वाद क्रुसाचा. रमाबाईंनी गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असावेत, अशी सिस्टरांची इच्छा. रमाबाईंनी नकार दिला. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातील बायकांना येत नाही, मग ते शब्द मी का मिरवू? अक्षरे हवीच असतील तर ती संस्कृत असावीत. आणि संस्कृत ही देवांची भाषा म्हणून मी हे म्हणत नाही, ती माझ्या देशाची अत्यंत प्राचीन व सुंदर भाषा आहे म्हणून म्हणते, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. आमच्या पिढीतील धर्मगुरूंना यातील तिढा समजावून सांगण्याची गरज नाही. लॅटिन मिस्सा ऐकत वाढलेले आमचे आईवडील १९६० च्या दशकात प्रथमच मराठीतून 'आमच्या बापा' म्हणू लागले, तेव्हा काहींचे डोळे भरून आले आणि काहींना ते अगदीच साधे वाटले. रमाबाईंनी हा प्रश्न त्याच्या ऐंशी वर्षे आधी, एकटीने आणि परक्या घरात बसून विचारला.

तिसरा वाद अधिकाराचा, आणि तोच मुळावर जाणारा. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. अशाने हिंदुस्थानात त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे त्यांचे मत पडले. हिंदुस्थानात भर सभेत शास्त्र्यांसमोर बोललेल्या स्त्रीला हे ऐकावे लागले! मे १८८५ मधील त्यांचे उत्तर धारदार आहे. देवाने मला बुद्धी दिली आहे, निर्णयशक्ती दिली आहे, विवेकबुद्धी दिली आहे. मी ख्रिस्तसभेची सभासद आहे, परंतु पाद्री वा बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मी स्वीकारणार नाही. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसरे तसेच जोखड आता मी चढवून घेणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे पवित्र त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि कुमारीजन्म या सिद्धांतांविषयी त्यांना त्या काळात शंका होत्या. अथानेशियसचा मतांगीकार त्यांच्या गळी उतरेना. न पटलेले शब्द त्यांनी ओठांनी म्हणायला नकार दिला. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला, आज्ञापालनाचा अभाव दिसला. मिस बील यांनी मात्र सिस्टरांना सुचविले की ही स्त्री केवळ इतिहास म्हणून ख्रिस्ती धर्म स्वीकारू शकणार नाही. तो तिच्या विवेकबुद्धीला पटला पाहिजे, आणि त्यासाठी तिला वेळ दिला पाहिजे. दोघीही बायका श्रद्धावान होत्या. फरक इतकाच की एकीला वाटले, श्रद्धा ठेवल्यावर समजेल. दुसरीला वाटले, हिला आधी समजू द्या.

आता आपली ख्रिस्तसभा याविषयी काय म्हणते? वाचकांपैकी काहींना वाटत असेल की कॅथलिक उत्तर सिस्टरांच्या बाजूने असणार. सेमिनरीत आम्हांलाही तसेच वाटले होते, तोवर आमच्या प्राध्यापकांनी संत थॉमस अक्वायनस यांचे एक वचन समोर ठेवले. तेराव्या शतकातील हे महापंडित विचारतात: चुकलेली विवेकबुद्धी माणसाला बांधते काय? त्यांचे उत्तर आहे, बांधते. आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण पाहून आम्ही वर्गात चपापलो होतो. ख्रिस्तावर विश्वास ठेवणे स्वतः चांगलेच आहे, तारणास आवश्यक आहे. पण एखाद्याच्या बुद्धीने ते वाईट आहे असा निवाडा दिला असेल, तर त्या निवाड्याविरुद्ध जाऊन ते करणारा माणूस वाईटच निवडत असतो. अर्थात तेच थॉमस लगोलग सांगतात की आपल्या निष्काळजीपणाने विवेकबुद्धी चुकली असेल तर माणूस दोषमुक्त होत नाही. जे जाणून घ्यावयास हवे होते ते जाणून घेतले नाही, हा दोष उरतोच.

याच धाग्याचे दुसरे टोक कार्डिनल न्यूमन यांच्याकडे आहे. वाँटेजचा मठ १८४८ साली स्थापन झाला तो ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावातून, आणि त्या चळवळीचे न्यूमन हे एके काळचे अग्रणी. १८४५ साली ते कॅथलिक झाले, तेही विवेकबुद्धीच्या सांगण्यावरून. मित्र, मान, विद्यापीठ सारे मागे टाकून. १८७५ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकला उद्देशून लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, मेजवानीनंतर पेला उंचावण्याची वेळ आलीच तर तो पोपमहोदयांसाठी जरूर उंचावू, मात्र आधी विवेकबुद्धीसाठी. हे वाक्य सर्वत्र सांगितले जाते. त्याच पत्रातील दुसरा भाग कमी सांगितला जातो. विवेकबुद्धी हा शब्द आता लोक 'माझ्या मनाला येईल ते करण्याचा हक्क' अशा अर्थाने वापरू लागले आहेत, आणि हे नाणे खोटे आहे, अशी त्यांची तक्रार आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी न्यूमन यांना संतपद दिले.

तेव्हा रमाबाईंचे नाणे खरे की खोटे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे मत असे की ते खरे होते, आणि त्याची खूण म्हणजे त्यांनी शोध थांबविला नाही. आपल्याच इच्छेला विवेकबुद्धी म्हणणारा माणूस प्रश्न विचारणे बंद करतो. त्याला हवे ते मिळालेले असते. रमाबाई पत्रे लिहीत राहिल्या, फादर गोऱ्हे यांना विचारीत राहिल्या, शास्त्र वाचीत राहिल्या. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की स्नानसंस्काराच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, खुद्द ख्रिस्त गवसायला आणखी आठ वर्षे जावी लागली. त्या आठ वर्षांत कुणी त्यांच्याकडून बळेच मतांगीकार वदवून घेतला असता तर? सिस्टर जेराल्डिन यांची काळजी पोकळ होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. धर्ममातेने काळजी करावयाचीच असते. त्यांनी केलेली एक गोष्ट तर आम्हांस फार मोठी वाटते. आपल्याशी वाद घालणारी, आपल्यालाच चार शब्द सुनावणारी ही सारी पत्रे त्यांनी फाडली नाहीत. जपून ठेवली, संगतवार लावली. म्हणून ती आज आपल्या हाती आहेत.

पुढचा भाग रमाबाईंच्या चाहत्यांना थोडा अडचणीचा आहे. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, तेथे पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असे ठरले होते. पहिल्या दोन विद्यार्थिनींतील विधवा म्हणजे गोदूबाई. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. ख्रिस्ती बाईच्या छपराखाली राहून, शिकून त्या हिंदूच राहिल्या. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी जो आश्रम काढला त्यामागे या घराचाही आदर्श होता.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास आले ते फार नाजूक वेळी. महिनाभरापूर्वीच, ४ ऑक्टोबरला, पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी मंडळी जमली असता चहाबिस्किटे पुढे आली होती, आणि त्यावरून पुण्यात प्रायश्चित्ताचे रण माजले. गोपाळराव जोशी यांनी हा घाट घातला होता. रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहा पिण्यात पाप आहे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. आप्तेष्टांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी मान तुकविली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग मनापासून सांगितला आहे. एक कपभर चहा, पण त्यात एका थोर माणसाची विवेकबुद्धी आणि त्याचा प्रेमळपणा यांची ओढाताण झाली. त्यांना भ्याड म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

याच वातावरणात, रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करतात, दार उघडे असते आणि काही मुली तेथे जाऊन बसतात, ही बातमी फुटली. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. सल्लागार मंडळातील रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ऑगस्ट १८९३ मध्ये आपले संबंध तोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे साधे होते: मी कुणाला बोलावीत नाही, पण माझ्या घरात मी दार लावून प्रार्थना करणार नाही आणि येणारीला हाकलणार नाही.

येथे आम्ही थोडे थांबतो. पालकांनी तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठविल्या होत्या. जिने आपल्याला केशवपनाच्या भीतीतून आणि उपासमारीतून सोडविले, तिच्या उघड्या दाराकडे पाहणारी बारा-चौदा वर्षांची विधवा कितपत मोकळ्या मनाने पाहत असेल? रमाबाईंना वाँटेजला जो दाब जाणवला होता तोच आता त्यांच्या स्वतःच्या हातात होता. आजीबाईंच्या जागी आता त्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, आणि १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती झाल्या. त्या मुलींचे प्राण वाचले, त्यांना अक्षर आणि हातात काम मिळाले, हे कुणी नाकारू नये. तरी ज्या हाताने भाकर दिली त्याच हाताने श्रद्धा दिली असता ती घेणाऱ्याची विवेकबुद्धी कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न उरतो, आणि अनाथालये चालविणाऱ्या आपल्यालाही तो सुटलेला नाही.

आपल्याला तर तो विचारणे अधिक भाग आहे, कारण आपला इतिहास याहून कठोर आहे. पोर्तुगीज सत्तेने १५५९ साली काढलेल्या हुकुमान्वये गोव्यातील हिंदूंची पोरकी मुले ख्रिस्ती शिक्षणासाठी ताब्यात घेतली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनचे न्यायपीठ आले, आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा मुख्य रोख नव्या ख्रिस्ती लोकांवर होता: घरात जुनी चाल पाळली काय, तुळस ठेवली काय, कोणते गाणे म्हटले. म्हणजे ज्यांचा स्नानसंस्कार झाला त्यांच्याच अंतःकरणावर पहारा. आमच्याच रायगड जिल्ह्यात रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. तेथील माडांच्या वाड्यांत उभे असलेले चर्चचे भग्न अवशेष पाहताना पूर्वजांच्या श्रद्धेचा अभिमान आणि ही आठवण, दोन्ही एकत्र येतात. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेसाठी म्हणून केलेल्या बळजोरीबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. त्याआधी, ७ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दोन दस्तऐवज जाहीर झाले. एकात विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरीचे पवित्र स्थान म्हटले आहे, जेथे तो देवाबरोबर एकटा असतो. दुसऱ्याने सांगितले की धर्माच्या बाबतीत कुणालाही त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडता येणार नाही. परिषदेत हा दुसरा दस्तऐवज सहजासहजी संमत झाला नाही. फार वाद झाले, मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांविषयी थोडेसेच सांगतो. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसल्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतील स्त्रियांच्या हातून. ज्या पंडितेने क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली होती तिने आता संस्कृतप्रचुर शब्दही बाजूस सारले. खेड्यातील बाईला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नाताळच्या सुमारास आम्ही पुन्हा कुंभिवलीला गेलो. मुलगा घरी नव्हता. आईने सांगितले की त्याने ती सही केली नाही. आधी त्याची पाळी बदलली, मग दुसऱ्या महिन्यात उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. आता तो खोपोलीला एका दुकानात हिशेब लिहितो, पगार निम्मा. धाकटीची फी भरावयाची आहे. "तेव्हा मी त्याला फार बोलले, फादर," ती म्हणाली. आम्ही तिला रमाबाईंची गोष्ट सांगितली. क्रुसाची, पत्रांची, आजीबाईंची. ती भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. क्रुसाविषयी ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तवा उतरवून तिने विचारले, "त्या सिस्टरांनी सगळी पत्रे जपून ठेवली म्हणता? त्यांना उलटून बोललेली सुद्धा?"

"सगळी," आम्ही म्हणालो.